उताराची गाडी आणि मजुराचा जीव

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



येथें जमलेल्या मंडळींत नांगर धरणारे आहेत, ऐरणीवर घण मारणारे आहेत, रंधा ओढणारे आहेत, मागावर धोटा फेंकणारे आहेत, आणि या सर्वांचीं घरें चालविणाऱ्या मायबहिणी आहेत. अशा मंडळींपुढें सातासमुद्रांपलीकडच्या कोळशाच्या खाणीची हकीगत कां काढावी, असें तुमच्यापैकीं कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ही हकीगत गाडीची, दोराची आणि उताराची आहे. आणि या तीन वस्तूंविषयीं बोलावयाचें तर तुमच्याहून जाणता श्रोता आम्हांस कोठें मिळणार नाहीं. भरल्या गाडीनिशीं घाट उतरणें म्हणजे काय, हें तुम्ही पुस्तकांत वाचलेलें नाहीं. तें तुमच्या हातांना ठाऊक आहे.

दुसरेंही एक कारण आहे. शेत पोटाला पुरेनासें झालें म्हणजे घरांतला एक हात बाहेर पडतो. कोणाचा मुलगा गिरणींत जातो, कोणाचा भाऊ गोदींत जातो, आणि घर चांद्याकडचें असलें तर तो कोळशाच्या खाणींत उतरतो. वरोड्याची कोळशाची खाण १९०६ सालीं बंद पडली, त्याच्या आधीं कित्येक वर्षें ती चालली होती. आणि पुढें बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, उमरेड अशीं खाणींचीं गांवें आपल्याच मुलखांत उभीं राहिलीं. तेव्हां खाण ही आपल्याला परकी गोष्ट राहिलेली नाहीं.

आतां मूळ हकीगतीकडे वळूं. इंग्लंडच्या उत्तर भागांत यॉर्कशायर नांवाचा प्रांत आहे. तेथें डाँकास्टर शहराला लागून बेंटली म्हणून गांव आहे. १९०५ सालच्या सुमारास तेथें कोळशासाठीं जमिनींत खोल विहिरी घालण्यास आरंभ झाला, १९०८ सालीं कोळसा हातीं लागला, आणि ती खाण १९९३ सालीं बंद झाली. बेंटली गांव वाढलें तें खाणीमुळें आणि रडलें तेंही खाणीमुळेंच. पहिला घाव २० नोव्हेंबर १९३१ रोजीं बसला. त्या दिवशीं खाणींत साठलेल्या वायूचा भडका उडाला आणि ४५ माणसें दगावलीं. दुसरा घाव २१ नोव्हेंबर १९७८ रोजीं बसला. म्हणजे मध्यें ४७ वर्षें आणि एक दिवस गेला. या दुसऱ्या वेळीं वायू नव्हता, भडका नव्हता, पाणी फुटलें नव्हतें, छत कोसळलें नव्हतें. माणसांना घेऊन जाणारी एक लहानशी आगगाडी जमिनीच्या पोटांत उतारावर आवरेनाशी झाली. तिचा वेग वाढत गेला. पुढें वळण होतें, तें तिला घेतां आलें नाहीं. सात मजूर ठार झाले आणि एकोणीस जखमी झाले. त्यांतील तिघांच्या जखमा भारी होत्या. गोष्ट एवढीच आहे. पण या एवढ्याशा गोष्टींत मजुराच्या जिण्याविषयीं पुष्कळ कांहीं भरलेलें आहे, तें आज उलगडून पाहावयाचें आहे.

ज्यांनीं खाण पाहिलेली नाहीं त्यांना प्रथम हें समजलें पाहिजे कीं, खाणींत गाडी कशाला लागते. खाणीची विहीर सरळ खालीं जाते. पण कोळसा तेथें विहिरीच्या पाण्यासारखा तळाशीं जमलेला नसतो. तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा लांबवर पसरलेला असतो. विहिरीजवळचा कोळसा पहिल्या कांहीं वर्षांत निघून जातो. मग माणसें खणत खणत पुढें सरकतात. खाण जितकी जुनी तितका कोळसा विहिरीपासून दूर. असें होतां होतां विहिरीच्या तळापासून कामाच्या जागेपर्यंतची वाट मैल मैल लांब होते. ही वाट सपाटही नसते. पापुद्रा जसा कललेला असेल तशी ती चढते आणि उतरते. वर छत ठेंगणें, बाजूला भिंत, अंधार इतका कीं स्वतःचा हात दिसत नाहीं, आणि पायांखालीं चिखल व कोळशाचा भुगा.

या वाटेनें दोन ओझीं न्यावयाचीं असतात. एक कोळशाचें आणि दुसरें माणसांचें. खाणवाल्यांनीं पहिल्या ओझ्याची काळजी फार आधीं घेतली. दुसऱ्याची फार उशिरां घेतली. मजूर वाट तुडवीत जाई, पाठीचा कणा वांकवून जाई, आणि कामावर पोंचण्याच्या आधींच अर्धा दमून जाई. मजुरी टनावारीनें मिळे तेव्हां या चालीचा छदामही त्याच्या पदरांत पडत नसे. शेताच्या बांधावर पोंचल्याखेरीज गड्याचा दिवस सुरू होत नाहीं, असें म्हणणारा धनी आपल्याही ओळखीचा आहे. म्हणून थकलेला पोरगा चोरून कोळशाच्या डब्यावर बसे आणि छतावर डोकें आपटून मरे. कागदावर लिहिलें जाई कीं, नियम मोडला म्हणून मेला. तो थकला कां होता, हें कागदावर कोणी लिहीत नसे.

पुढें अंतरें फारच वाढलीं, आणि माणसें चालत नेण्यांत कामाचे तास वायां जातात हें मालकांच्या ध्यानांत आलें. तेव्हां माणसांसाठीं गाडी आली. यॉर्कशायरचे मजूर तिला पॅडी म्हणत. लहान रूळ, बसकीं डबडीं, त्यांत गुडघ्याला गुडघा लावून बसलेलीं माणसें. कांहीं ठिकाणीं ही गाडी इंजिनानें चाले, कांहीं ठिकाणीं लोखंडी दोरानें ओढली जाई. मजुराला ती सुखाची वाटली, आणि ती सुखाचीच होती. पण जो चालतो त्याचा जीव त्याच्या पायांत असतो. जो गाडींत बसतो त्याचा जीव दुसऱ्याच्या हातांत, आणि यंत्राच्या एखाद्या दांडींत जातो. हें ज्या दिवशीं घडलें त्या दिवसापासून त्या हाताची आणि त्या दांडीची जबाबदारी गाडी चालविणाऱ्या धन्यावर आली. आमच्या सगळ्या बोलण्याचें सार येथेंच आहे.

आतां ओझें ओढण्याचा थोडा जुना इतिहास सांगतों. कारण तो ठाऊक नसेल तर आजचा कायदा कोणाच्या घामांतून निघाला हें कळणार नाहीं. शंभर-दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडच्या खाणींतून कोळसा ओढीत होतीं तीं बायका आणि पोरें. कंबरेला पट्टा, पट्ट्याला सांखळी, सांखळी दोन पायांमधून काढून मागें डब्याला अडकविलेली, आणि तीं हातांपायांवर चालून तो डबा ओढीत. अगदीं लहान पोरें अंधारांत दाराशीं बसून राहत आणि डबा आला कीं दार उघडीत. सरकारनें चौकशी बसविली, तिच्या अहवालांतील चित्रें पाहून श्रीमंतांच्याही पोटांत कालवलें, आणि १८४२ सालीं कायदा झाला कीं बायकांना, मुलींना व दहा वर्षांखालील मुलग्यांना खाणींत उतरवूं नये. बायका-पोरांची जागा घोड्यांनीं घेतली. १९१३ सालच्या सुमारास ब्रिटनच्या खाणींत सुमारें ७०,००० घोडीं राबत होतीं. मग घोड्यांची जागा दोरानें आणि इंजिनानें घेतली.

आमच्या देशांतली कथा निराळी नाहीं. बंगाल-बिहारच्या खाणींत नवरा कोळसा तोडी आणि बायको टोपली डोक्यावर घेऊन तो वाहून नेई. १९२९ सालापासून बायकांना खाणीच्या पोटांतून हळूहळू बाहेर काढण्याचा नियम झाला आणि १९३७ सालीं बंदी पुरी झाली. पण महायुद्धांत कोळसा कमी पडूं लागतांच १९४३ सालीं सरकारनें ती बंदी उठविली, आणि १९४६ सालीं पुन्हां घातली. म्हणजे जरूर पडली कीं बाई मजबूत ठरते, आणि जरूर सरली कीं नाजूक ठरते. बाईला त्या नरकांतून काढलें हें बरेंच झालें. पण तिची मजुरी गेली, तेव्हां घराची चूल त्या मजुरीवांचून कशी पेटावी याचा विचार कायद्यानें केला नाहीं. याच काळांत, १९४३ च्या डिसेंबरांत, सरकारचे मजूर खात्याचे सभासद डॉ. आंबेडकर हे धनबादकडच्या कोळशाच्या मुलखांत गेले आणि खाणींत स्वतः उतरून मजुरांचें काम त्यांनीं पाहिलें. १९४४ सालीं कोळसा-खाणींतील मजुरांसाठीं कल्याण-निधी निघाला. ज्यांच्यासाठीं कायदा करावयाचा त्यांची जागा आधीं डोळ्यांनीं पाहावी, हा धडा त्यांत आहे.

आतां दोराकडे येऊं. तुमच्यापैकीं कित्येकांच्या वडिलांनीं मोट हांकली आहे. मोटकरी धावेवरून बैल खालीं नेतांना नाड्यावर बसत असे, हें तुम्हांला सांगावयास नको. भरली मोट तोंडाशीं आली असतां नाडा तुटला तर काय होतें? मोट विहिरींत, बैल तोंडावर, आणि मोटकऱ्याचें नशीब बलवत्तर असेल तर तो जिवंत. म्हणून शहाणा कुणबी नाडा रोज हातांत घेऊन पाही, पीळ उकलून पाही, आंतून कुजला आहे काय तें पाही. वरून चांगला दिसणारा नाडाच घात करतो, हें त्याला ठाऊक होतें.

१९२३ सालच्या ३ डिसेंबरला यॉर्कशायरमधल्याच शेफील्ड शहराजवळच्या ननरी नांवाच्या खाणींत नेमकें हेंच घडलें. माणसांची गाडी दोरावर होती, दोर तुटला, गाडी उतारानें सुटली, सात मजूर ठार झाले. मोटेचा नाडा तुटतो तेव्हां एक माणूस जातो. खाणीचा दोर तुटतो तेव्हां गाडीभर माणसें जातात. फरक एवढाच कीं, मोटेचा नाडा जो तपासतो तोच त्यावर बसतो. आणि खाणीचा दोर जो विकत घेतो तो त्या गाडींत बसत नाहीं.

आणखी दोन उदाहरणें सांगून हा भाग संपवितों. १९६६ सालीं यॉर्कशायरमधल्याच सिल्व्हरवुड खाणींत जमिनीखालीं मजुरांच्या गाडीची दुसऱ्या गाडीशीं टक्कर झाली आणि दहा मजूर मेले. आणि ३० जुलै १९७३ रोजीं डर्बीशायरमधल्या मार्कहॅम खाणींत विहिरींतून खालीं जाणारा पाळणा आवरला नाहीं; पाळणा तळाशीं आदळून अठरा मजूर मेले. हा पाळण्याचा अपघात आहे, आडव्या वाटेवरच्या गाडीचा नव्हे. तरी आम्ही तो मुद्दाम सांगतों, कारण त्याचें कारण आमच्या लोहार बंधूंना चांगलें समजेल. पाळण्याच्या यंत्राचा ब्रेक एका लोखंडी दांडीच्या आधारावर होता. ती दांडी तुटली. ती कच्ची होती म्हणून नव्हे. वर्षानुवर्षें तिच्यावर ताण पडे, सुटे, पुन्हां पडे, आणि त्यानें तिच्या पोटांत बारीक भेग गेली होती. तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं, आणि तीच पुढें-मागें पन्नास वेळां वांकविली तर हातानें तुटते, हें लोहाराच्या पोरालाही ठाऊक असतें. लोखंडालाही थकवा येतो. अशा दांडीवर अवलंबून असलेला तो ब्रेक गेला, तेव्हां यंत्र चालविणाऱ्याच्या हातांत दुसरें कांहीं उरलें नाहीं. चौकशींतून जी शिकवण निघाली ती एका वाक्यांत अशी: अनेकांचा जीव कधींही एका वस्तूवर टांगूं नये.

हेंच शहाणपण आमच्या गाडीवानाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. भरली गाडी घाट उतरूं लागली म्हणजे तो काय करतो? तो गाडीवर बसून राहत नाहीं, खालीं उतरतो. बैलांच्या तोंडाशीं एक माणूस ठेवतो. मागें एकजण हातांत दगड घेऊन चालतो, प्रसंग पडला तर चाकाखालीं घालावा म्हणून. पुढें आवरणारा वेगळा, मागें अडविणारा वेगळा. एक चुकला तर दुसरा आहे. आणि सर्वांत मुख्य गोष्ट अशी कीं, तो गाडीला वेग घेऊंच देत नाहीं. उतारावर वेग आला कीं मग आवरणें नाहीं, हें त्याला माहीत असतें. शास्त्रही तेंच सांगतें. गाडीचा वेग दुप्पट झाला कीं तिला थांबवावयास चौपट जोर लागतो. त्यांत लोखंडी चाक लोखंडी रुळावर. मातीची पकड नाहीं. रूळ ओले, वर कोळशाचा भुगा. ब्रेकनें चाक जागच्या जागीं थांबलें तरी गाडी घसरत जाते.

खाणींतही या शहाणपणाच्या युक्त्या निघालेल्या आहेत, त्या तुम्ही ऐकून ठेवा. घरचा कोणी खाणींत असेल तर त्याला विचारतां येईल. दोरानें वर चढणाऱ्या डब्यांच्या मागें एक लोखंडी दांडा सोडलेला असतो. दोर तुटला तर तो जमिनींत रुततो आणि डबे मागें येत नाहींत. हा आपल्या गाडीमागचा दगडच. रुळावर ठिकठिकाणीं आडकाठी घालण्याची सोय असते, सुटलेला डबा तेथें अडावा म्हणून. भिंतींत ठराविक अंतरावर कोनाडे खणलेले असतात, गाडी आली कीं चालणाऱ्यानें त्यांत शिरावें म्हणून. वाटेच्या कडेनें तार असते. ती ओढली कीं यंत्रापाशीं घंटा वाजते आणि एक घंटा म्हणजे थांब. इंजिनाला एकाहून अधिक ब्रेक असतात, चाकांपुढें वाळू टाकण्याची सोय असते, आणि चालकाचा हात सुटला कीं आपोआप ब्रेक लागावा अशी मूठ असते. उतारावर गाडी पळूं लागली तर तिला पकडणारी यंत्रेंही रुळांत बसविलेलीं असतात.

तर मग एवढ्या युक्त्या असून माणसें कां मरतात? कारण युक्ती पुस्तकांत असून भागत नाहीं. आडकाठी रुळावर आडवी असली तरच अडविते. काम पटकन उरकावें म्हणून ती कोणी बाजूला वळवून ठेवली तर ती असून नसल्यासारखी. वाळूचा डबा भरलेला असला तरच उपयोगाचा. कोनाड्यांत जुनें सामान भरून ठेवलें तर माणसानें शिरावें कोठें? ब्रेक तपासण्याची वेळ वेळापत्रकांत असली पाहिजे आणि त्या वेळीं गाडी उभी राहिली म्हणून कोणी डोळे वटारतां कामा नये. कोळशाचे टन रोज मोजले जातात. न झालेला अपघात कोणी मोजीत नाहीं. म्हणून टनाच्या तगाद्यापुढें तपासणी हरते. दांडी तुटते ती शेवटीं. त्याच्या कितीतरी आधीं तपासणी तुटलेली असते.

आतां एका मोठ्या गैरसमजाविषयीं बोलतों. वायूचा भडका उडून ४५ माणसें मेलीं कीं देशभर हाहाकार होतो, निधी गोळा होतो, मंत्री येतात. गाडीखालीं एक माणूस मेला तर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत चार ओळी. पण खाणीच्या इतिहासाचा हिशेब पाहिला तर भडक्यांनीं जितके घेतले त्याहून पुष्कळ अधिक जीव एकेकट्या, दोघादोघांच्या मृत्यूंनीं घेतले आहेत. ब्रिटनच्या खाणींत सर्वांत अधिक माणसें छत व दगड कोसळून मरत आणि त्याच्या खालोखाल डबे, दोर व गाड्या यांच्यापायीं मरत. डबे जोडतांना दोन डब्यांमध्यें चेंगरलेला पोरगा, सुटलेल्या दोराचा फटका बसलेला गडी, अंधारांत मागून आलेल्या डब्याखालीं सांपडलेला म्हातारा, अशी ती यादी आहे. ज्या घरचा माणूस गेला त्या घराला त्या दिवशीं एकटा गेला काय किंवा चव्वेचाळीसांबरोबर गेला काय, चुलीपुढचा पाट रिकामाच. उलट एकट्याचें दुःख एकटेंच सोसावें लागतें. म्हणून बेंटलीच्या त्या सात माणसांना आम्ही "थोडे" म्हणत नाहीं. तुम्हीही कोणा मजुराच्या मरणाला थोडें म्हणूं नका.

यानंतर प्रश्न येतो भरपाईचा. येथें पुन्हां एका गाडीचीच गोष्ट आहे. १८३७ सालीं इंग्लंडांत एका खाटकाच्या नोकरानें धन्यावर दावा केला. धन्याच्या गाडींत माल वाजवीपेक्षां जास्त भरला होता, गाडी मोडली आणि तो नोकर जखमी झाला. पंचांनीं त्याला शंभर पौंड देवविले. पण वरच्या कोर्टानें ते काढून घेतले. न्यायाधीशांचें म्हणणें असें कीं, असा दावा एकदां मान्य केला तर अशा दाव्यांना अंतच राहणार नाहीं. आणि गाडी धड आहे कीं नाहीं हें धन्याइतकेंच नोकरालाही कळतें. म्हणजे जोखीम दिसत होती तर कामाला नाहीं म्हणावयाचें होतें! ज्याच्या घरीं संध्याकाळचें पीठ नाहीं त्यानें नाहीं म्हणावें, असा हा न्याय. याच धाग्यावरून पुढें असें ठरलें कीं, सोबतच्या नोकराच्या चुकीनें नोकर जखमी झाला तर धनी जबाबदार नाहीं. खाणीच्या गाडीचा चालकही नोकर, आंत बसलेला मजूरही नोकर. तेव्हां धनी मोकळा. हें मत ब्रिटनमध्यें पुरतेपणीं नाहींसें झालें तें १९४८ सालीं. एका मोडक्या गाडीनें मजुरांना एकशें अकरा वर्षें छळलें.

मधल्या काळांत मजुरांनीं आवाज उठविला म्हणून १८९७ सालीं तेथें भरपाईचा कायदा आला, आणि हिंदुस्थानांत तसा कायदा १९२३ सालीं झाला. पण बंधूंनो, ही मागणी आमच्या लोकांनीं त्याच्याही फार आधीं केली होती, हें अभिमानानें लक्षांत ठेवा. १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांनीं रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढारीपणाखालीं सभा भरविल्या आणि साडेपांच हजारांवर सह्यांचा अर्ज केला. त्यांत आठवड्याची सुटी मागितली होती, दुपारची विश्रांति मागितली होती, पगार वेळेवर मागितला होता. आणि हेंही मागितलें होतें कीं, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी मिळावी व जो जन्माचा अपंग होईल त्याच्या पोटाची सोय व्हावी. विलायतेचा भरपाईचा कायदा व्हावयास त्या वेळीं तेरा वर्षें अवकाश होता. अडाणी म्हणून ज्यांना हिणविलें त्यांना न्याय आधीं कळला होता.

तरी भरपाई म्हणजे न्यायाचा शेवट नव्हे. पैशानें विधवेची चूल पेटते, आणि ती पेटलीच पाहिजे. पण भरपाई हें मेल्यानंतरचें देणें आहे. आम्हांला हवें आहे तें जिवंतपणींचें देणें: चांगला दोर, तपासलेला ब्रेक, मोकळा कोनाडा आणि आडवी असलेली आडकाठी.

आतां एक नाजूक गोष्ट बोलतों. कित्येकांना वाटतें, मालक बदलला कीं सर्व ठीक होईल. बेंटलीचा १९३१ सालचा भडका झाला तेव्हां ती खाण खासगी कंपनीची होती. १९४७ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस ब्रिटनच्या कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. मजुरांनीं त्या दिवशीं खाणींवर पाट्या आणि निशाणें लावलीं. ती गोष्ट आनंदाचीच होती, आणि त्यानंतर सुरक्षितता वाढली हेंही खरें. तरी १९६६ चा, १९७३ चा आणि १९७८ चा अपघात राष्ट्राच्या मालकीच्या खाणींतच झाला. आमच्या देशांतही कोळशाच्या खाणी १९७१ ते १९७३ या सालांत सरकारकडे आल्या. आणि २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबादजवळच्या चासनाला खाणींत पाणी फुटून ३७५ मजूर बुडाले. मालक बदलला म्हणून उताराचा कल बदलत नाहीं. पाटीवर कोणाचें नांव आहे हें दोराला वाचतां येत नाहीं. मालकी कोणाचीही असो, तपासणी मजुराच्या डोळ्यांखालीं झाली पाहिजे.

आणि हें अशक्य नाहीं. इंग्लंडच्या मजुरांनीं १८७२ च्या कायद्यानेंच असा हक्क मिळविला होता कीं, आपल्यापैकीं निवडलेल्या माणसांनीं खाण फिरून पाहावी व आपलें मत लिहून ठेवावें. जो गाडींत बसतो त्यानें गाडी तपासावी, हें त्यांतलें तत्त्व. मोटेवर बसणाऱ्यानें नाडा पाहावा, हाच तो न्याय, कायद्याच्या भाषेंत आणलेला. पण हक्क मिळाला म्हणजे वापरला असें होत नाहीं. त्याला लिहितां-वाचतां आलें पाहिजे. तपासणीच्या वहींत काय लिहिलें आहे तें वाचतां न येणारा मजूर निवडून आला तरी त्याच्या अंगठ्याखालीं दुसरा कोणी वाटेल तें लिहील. म्हणून विद्येचा प्रश्न हा नोकऱ्यांचाच प्रश्न नाहीं. तो जिवाचा प्रश्न आहे. मुलाला शाळेंत घालतांना हेंही मनांत असूं द्या.

शेवटीं तुम्हांला तीनच गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली, तुमच्या घरचा कोणी खाणींत, गिरणींत किंवा कोणत्याही यंत्रावर असेल तर तो घरीं आल्यावर पगार किती हें विचारतां, तसें हेंही विचारा: तुला नेणारी गाडी कोण तपासतो? कधीं तपासतो? ती बिघडली आहे असें तूं म्हणालास तर काम थांबतें कीं तुझी रोजी थांबते? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून ती जागा कशी आहे तें तुम्हांला कळेल. बायांनीं हें विशेषेंकरून विचारावें. अपघाताचें दुःख जन्मभर वाहणारी तुम्हीच असतां. मग अपघाताच्या आधीं बोलण्याचा हक्कही तुमचा आहे.

दुसरी, अपघात झाला कीं "त्याचें नशीब" असें म्हणणें सोडून द्या. कपाळावर कोणी ब्रेकची दांडी लिहीत नाहीं. दोर कुजतो त्याला कारण असतें, दांडी तुटते त्याला कारण असतें, गाडी वेग घेते त्याला कारण असतें. आणि ज्याला कारण असतें त्याला उपायही असतो. नशिबाचें नांव घेतलें कीं चौकशी बंद पडते, आणि चौकशी बंद पडली कीं तीच गाडी त्याच उतारावर पुन्हां सुटते. तशीच दुसरी बाजूही सांगतों: एखाद्या गरीब चालकाच्या माथीं सगळा दोष मारून मोकळें होऊं नका. माणूस चुकणारच, घाटांतला गाडीवानही चुकतो, म्हणून तर मागें दगडवाला ठेवावयाचा. तो कां ठेवला नव्हता, हा प्रश्न वरच्यांना विचारावयाचा असतो.

तिसरी, एकट्यानें विचारूं नका. एकटा विचारील त्याला उद्यां काम नाहीं. दहांनीं विचारलें तर उत्तर द्यावें लागतें, आणि शंभरांनीं विचारलें तर ब्रेक दुरुस्त करावा लागतो. बेंटलीची खाण आतां नाहीं. तिच्या जागीं झाडी वाढली आहे. जवळच्या आर्क्सी गांवच्या स्मशानांत १९३१ च्या आणि १९७८ च्या मृतांचें स्मरण केलेलें आहे. जमिनीच्या पोटांतली ती वाट बुजून गेली. पण उतार जगांत अजून आहेत, दोर आहेत, गाड्या आहेत, आणि त्यांत गुडघ्याला गुडघा लावून बसणारे आपलेच लोक आहेत. त्यांच्यामागें हातांत दगड घेऊन चालणारा कोणी तरी असला पाहिजे. तें काम संघटनेचें आहे, आणि संघटना म्हणजे तुम्हीच आहां.